सांगाड्यासाठी अकोला

‘सायकल घ्यायला अकोल्याला चाललास? अमरावतीतली दुकानं बंद पडली का?’

दिवाळीच्या सुट्टीत फराळाचं ताट पुढे सरकवत आईने विचारलं. मी म्हटलं, सायकल नाही गं, नुसती फ्रेम. म्हणजे चाकं नाहीत, हँडल नाही, सीट नाही, पेडल नाही. ती पण सेकंडहँड. ती पण वीस वर्षं जुनी.

‘कितीला?’

‘पासष्ट हजार.’

पुढचे दोन दिवस घरात मला कोणी चकली वाढली नाही.

आता तुम्हीही आईच्याच पार्टीत असाल तर थोडं थांबा. ही फ्रेम टायटॅनियमची होती. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून गेली सहा वर्षं मी अ‍ॅल्युमिनियमच्या रोड बाइकवर ऑफिसला जातोय. सायकलवाल्या मंडळींमध्ये टायटॅनियम म्हणजे काय, हे सोन्याच्या पेढीत हिऱ्यासारखं आहे. स्टीलपेक्षा चाळीस टक्के हलकं, गंज नावाचा प्रकारच नाही, आणि खराब रस्त्यावर हातांना बसणारे बारीक हादरे बऱ्यापैकी गिळून टाकणारं. रंग लावायचीसुद्धा गरज नाही. उघडी राखाडी नळी, वीस वर्षांनी घासली की परत नवीन.

मग एवढं महाग का? खनिज कमी आहे म्हणून नव्हे. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही इल्मेनाइट म्हणजे टायटॅनियमचं खनिज आहे. महाग आहे ते त्यातून धातू काढणं आणि मग तो जोडणं. टायटॅनियम तापलं की हवेतला ऑक्सिजन पिऊन घेतं आणि सांधा ठिसूळ होतो. म्हणून वेल्डिंग करताना नळीच्या बाहेरून आणि आतूनही आर्गन गॅस सोडावा लागतो. सायकलीला बहुतेक वेळा जो मिश्रधातू वापरतात, त्यात तीन टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि अडीच टक्के व्हॅनेडियम असतं. तो मुळात विमानांच्या हायड्रॉलिक नळ्यांसाठी बनलेला. आता सांगा, पासष्ट हजार जास्त आहेत का? नवीन घ्यायला गेलो असतो तर लाखाच्या पुढे गोष्ट होती.

या फ्रेमचा पत्ता लागला तो चिखलदऱ्याच्या वाटेवर. सुट्टीत अमरावतीची सायकलवाली पोरं परतवाड्याच्या पुढे घाट चढायला जातात, त्यांच्याबरोबर गेलो होतो. चहाच्या टपरीवर एक जण म्हणाला, ‘अकोल्यात एक हाडांचे डॉक्टर आहेत. त्यांची टायटॅनियमची पडून आहे. विकून राह्यले म्हणतात.’

हाडांचे डॉक्टर! ऐकूनच पटलं. लोकांच्या मांडीत टायटॅनियमचे रॉड घालणारा माणूस स्वतः टायटॅनियमवर बसणार नाही तर कोण बसणार? आणि तसेही आपल्याकडे सायकल आणि डॉक्टर यांचं जुळतं. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, सुमारे ४८०० किलोमीटरची ‘रॅम’ शर्यत २०१५ मध्ये नाशिकच्या महाजन बंधूंनी दोघांच्या टीममध्ये पूर्ण केली, दोघंही डॉक्टर. २०१७ मध्ये तीच शर्यत नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी एकट्याने पूर्ण केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॉर्च, टेप आणि व्हर्निअर कॅलिपर बॅगेत टाकून अकोल्याची एसटी पकडली.

अमरावती ते अकोला साधारण शंभर किलोमीटर. बडनेरा, लोणी, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू. दोन्ही बाजूंना काळी जमीन, वेचणीला आलेला कापूस, मध्येच तुरीचे हिरवे पट्टे. हा रस्ता साधासुधा नाही बरं का. जून २०२२ मध्ये याच महामार्गावर सलग ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. एका लेनचे ७५, म्हणजे दोन पदरी धरला तर साडेसदतीस. ३ जूनला सकाळी सुरू केलेलं काम ७ जूनला संध्याकाळी संपलं. ७२० माणसं रात्रंदिवस राबत होती. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा, २५ किलोमीटरच्या थोडा पुढे. लहानपणी याच रस्त्यावर मी खड्डे मोजत मामाकडे जायचो. एसटीच्या खिडकीतून डांबराकडे बघताना मनात एकच विचार : रोड बाइकला अजून काय पाहिजे बॉस?

डॉक्टरसाहेब साठीच्या पुढचे. उंच, सडपातळ. फ्रेम दिवाणखान्यात भिंतीला टांगलेली.

‘धाकट्या भावाने अमेरिकेहून आणली होती,’ ते म्हणाले. ‘दर रविवारी मूर्तिजापूरपर्यंत जाऊन यायचो. दुसऱ्यांचे मणके नीट करता करता माझाच गेला. ऑपरेशन झालं. आता वाकून बसता येत नाही. भिंतीवर किती दिवस ठेवू?’

मी बॅगेतून टॉर्च काढली. सेकंडहँड फ्रेम घेताना काय बघायचं, हे तुम्हीही लिहून ठेवा.

पहिलं, सीटपोस्ट. तो नळीत अडकला असेल तर बाहेर काढताना घाम फुटतो. टायटॅनियमच्या नळीत अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट वर्षानुवर्षं ग्रीसशिवाय राहिला की दोघं एकमेकांना सोडतच नाहीत. इथे सहज निघाला.

दुसरं, मापं. मागच्या चाकाची जागा १३० मिलिमीटर, म्हणजे माझी जुनी रिम-ब्रेकची चाकं बसणार. पेडलच्या बेअरिंगचे आटे साधे इंग्लिश, पार्ट कुठेही मिळणार.

तिसरं, सांधे. वेल्डिंग चांदीसारखं किंवा फिकट सोनेरी असेल तर ठीक. निळं, जांभळं, राखेसारखं दिसलं तर समजा गॅस कमी पडला होता.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं, चीर. नळ्या जिथे एकत्र येतात तिथे बोट फिरवायचं, टॉर्च आडवी धरायची.

आणि तिथेच अडकलो. पेडलच्या वरच्या सांध्याजवळ एक बारीक काळी रेघ. ओरखडा की चीर? डॉक्टरांनी चष्मा वर केला, खाली केला. ‘एक्स-रे काढू का?’ ते हसत म्हणाले. मग एकदम गंभीर झाले. ‘नाही, थांब. एमआयडीसीत चल.’

एमआयडीसीत त्यांच्या एका जुन्या पेशंटचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं. टाक्या, जिनिंगच्या मशीनचे पार्ट वगैरे. त्याच्याकडे डाय पेनिट्रंटचा सेट होता. वर्कशॉपमध्ये त्याला नुसतं ‘डीपी’ म्हणतात. तीन स्प्रेचे डबे. आधी सांधा साफ करायचा. मग लाल रंग मारायचा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, म्हणजे चीर असेल तर रंग आत झिरपतो. मग वरचा रंग पुसून पांढरी पावडर फवारायची. खरचटलं असेल तर पांढरं ते पांढरंच राहतं. चीर असेल तर आतला लाल रंग वर येतो.

‘पुरीच मारू का जी?’ वेल्डरभाऊंनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, ‘पूर्ण मार. पेशंट आला की पूर्णच तपासायचा.’

ती पंधरा मिनिटं मला प्रमोशनच्या रिझल्टपेक्षा लांब वाटली. चहा आला, थंड झाला. मनात मी पंचावन्न हजारांपर्यंत खाली आणायची तयारी करत होतो.

पांढरी पावडर पडली. काळ्या रेघेवर काहीच नाही. नुसता ओरखडा! मी हुश्श केलं. तेवढ्यात वेल्डरभाऊ खाली वाकले.

‘इथं काही नाही भाऊ. पण हे पाहा इथी.’

सीटपोस्टची नळी जिथे आवळतात, तिथे मागे एक खाच असते. त्या खाचेच्या टोकाशी केसाएवढी लाल रेघ उमटली होती. जिथे माझी टॉर्च पोचलीच नव्हती.

‘चीर पडून राह्यली.’

‘तुम्ही सांधाल?’ मी विचारलं.

‘आर्गन हाय न जी माह्याकडं. पण याले आतून-बाहेरून दोन्हीकून गॅस लागते. तेवढं सामान नाही आपल्यापाशी. मी हात लावला तं खराब होईन. मी नाही करत.’

पैसे मिळत होते आणि माणूस नाही म्हणत होता. पुण्या-मुंबईत ‘होऊन जाईल सर’ ऐकायची सवय झालेल्या मला हे नवीन होतं.

डॉक्टर बराच वेळ त्या लाल रेघेकडे बघत होते. ‘हेअरलाइन फ्रॅक्चर,’ ते म्हणाले. ‘वर्षभर माझ्या भिंतीवर होतं आणि मला दिसलं नाही.’ मग माझ्याकडे वळले. ‘बेटा, मी तुला ही विकत नाही.’

मी गप्प. पोरांनी बजावलेलं होतं की चीर दिसली की चप्पल घालायची आणि निघायचं. चपला घातलेल्याच होत्या. पाय निघेनात.

‘विकत नाही,’ ते पुन्हा म्हणाले, ‘पण घेऊन जा. पुण्यात कोणी नीट करणारा असेल तर करून घे. चालव. भरवसा बसला तर ये आणि पैसे दे. किती द्यायचे ते तूच ठरव. नाही बसला तर परत आणून दे, मी टांगून ठेवीन. एकच अट. फोनवरून पैसे पाठवायचे नाहीत. हिच्यावर बसून यायचं.’

ना पावती, ना अ‍ॅडव्हान्स. जुन्या चादरीत गुंडाळून फ्रेम माझ्या हातात. दीड किलोच्या आतली वस्तू, पण एसटीत मांडीवर घेऊन बसलो तेव्हा चांगलीच जड वाटत होती. कंडक्टरने विचारलं, ‘काय हाय हे?’ म्हटलं, सायकल. ‘मंग चाकं कुठी हायेत?’ म्हटलं, पुण्याला. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की लगेजचं तिकीट मागायचंही विसरले.

पुण्यात केमिकल कारखान्यांसाठी टायटॅनियमच्या टाक्या बनवणारं एक वर्कशॉप शोधलं. तिथल्या कारागिरांनी चिरेच्या टोकाला आधी बारीक भोक पाडलं, म्हणजे ती पुढे सरकणार नाही. मग नळीत आर्गन भरून सांधा मारला. आठ हजार. सांधा चांदीसारखा चकचकीत. जुन्या सायकलची चाकं, फोर्क, गिअर काढून यावर चढवले, सीटपोस्ट मात्र मुद्दाम लांब घेतला. दोन महिने हिंजवडीच्या वाऱ्या केल्या. दर रविवारी टॉर्च घेऊन सांध्यापाशी बसायचो. रेघ नाही.

फेब्रुवारीत सायकल घेऊन अमरावतीला आलो. शनिवारी पहाटे साडेपाचला निघालो. थंडी चांगलीच होती. वऱ्हाडात हेच दिवस सायकलचे. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा दहानंतर कोणी कुत्रंही रस्त्यावर नसतं.

डोक्यात मात्र हिशेब चालू होता. किती द्यायचे? चीर गेलेल्या फ्रेमला बाजारात तीस हजारही कोणी दिले नसते. बडनेऱ्याला मी तीसवर होतो. लोणीच्या पुढे विक्रमी डांबर लागलं आणि फ्रेम अशी काही वाहू लागली की आकडा पस्तीस झाला. ट्रक शेजारून जायचे, हँडल हलायचं नाही. चाळीस.

मूर्तिजापूरला आलूबोंडा आणि चहा. हे शकुंतला रेल्वेचं जंक्शन. इंग्रजांच्या काळात कापसासाठी टाकलेली ही नॅरोगेज, आता गाडी बंद आहे. इथेच गाडगेबाबांची धर्मशाळा आहे. आलेल्या माणसाला आधी उतरू द्यायचं, हा या मुलखाचा शिरस्ता. चहा पिताना वाटलं, अनोळखी पोराच्या मांडीवर पासष्ट हजारांची वस्तू ठेवणारा माणूसही याच मुलखाचा. पंचेचाळीस. काटेपूर्णेला पन्नास. बोरगाव मंजूला एक साधी गोष्ट लक्षात आली. ती चीर नसती तर मी पासष्ट द्यायला तयारच होतो. दुरुस्तीला आठ लागले. पासष्ट वजा आठ. एवढं सोपं गणित करायला ऐंशी किलोमीटर लागले होते.

डॉक्टर फाटकातच उभे होते. आधी माझ्याकडे नाही, खाली वाकायला येत नव्हतं म्हणून नातवाला सायकल उचलून धरायला लावली आणि अंगठ्याने सांधा चाचपला. पेशंटची नडगी चाचपावी तसा.

‘हाड जुळलं,’ म्हणाले.

मी त्यांच्यासमोर फोन काढला आणि सत्तावन्न हजार टाकले. त्यांनी आकडा बघितला, मान हलवली, जास्त-कमी काही बोलले नाहीत. मग पाय टाकून सायकलवर नुसते उभे राहिले. दोन्ही ब्रेक दाबले, सोडले. परत दाबले. आणि उतरले.

‘दर वर्षी एकदा दाखवायला आण,’ ते म्हणाले. ‘फॉलोअप.’

जेवायला थांबवलं, तिथूनच आईला फोन केला.

‘किती दिले शेवटी?’

‘सत्तावन्न.’

पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाली, ‘चाकं तरी मिळाली का?’