थाळीची आस

बाबा पखवाज वाजवायचे. गावात सप्ताह बसला की माझ्या वाट्याला एकच काम येई, ते म्हणजे कणीक भिजवून देणं. पखवाजाच्या डाव्या पुडीवर ओल्या कणकेचा थर थापला की तिला वजन येतं आणि आवाज खाली उतरून घुमू लागतो. तासाभराने कणीक वाळायला लागली की घुमारा आटतो. मी बाबांच्या मांडीला मांडी लावून बसायचो आणि अभंग संपला की ते पुसायचे, "काय आयकलं?"

मी म्हणायचो, "चांगलं वाटलं."

"चांगलं वाटलं, हे तुह्या मनाचं झालं. पखवाजाचं सांग."

हे मला फार दिवस जमलं नाही. एका रात्री मात्र मी सहज बोलून गेलो, "आवाज कोरडा झाला, कणीक वाळली." बाबांनी हात थांबवला, पुडी चाचपली आणि माझ्याकडे पाहून हसले. कणीक खरंच वाळली होती. पुडीला हात न लावता ते मला कळलं होतं, आणि त्यासाठी लागलेला शब्द आईच्या परातीतून आला होता. तेव्हापासून मी ऐकलेल्याला नावं ठेवू लागलो, मुलाचं नाव ठेवतात तशी. खंजिरीचा आवाज फुटाण्यासारखा, पेटीचा दमट, टाळांचा धारेचा. एकदा नाव मिळालं की तो आवाज पुन्हा गर्दीत हरवत नसे.

आमचं गाव मानोरा तालुक्यात, पोहरादेवीपासून पायी जाता येईल इतकं जवळ. तेव्हा हा सगळा भाग अकोला जिल्ह्यात होता. त्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला 1 जुलै 1998 ला. पोहरादेवी म्हणजे बंजारा समाजाची काशी, सेवालाल महाराजांचं समाधिस्थान. गावाशेजारी तांडा होता. रात्री तिथे भजन सुरू झालं की आमच्या अंगणात नगारा ऐकू यायचा. बाजेवर पडून मी तो ऐकत असे. आवाज जाड, गोल, जमिनीतून आल्यासारखा. नगाऱ्याशिवाय तिथे दुसरं काही वाजत असेल, असं मला वाटलंच नव्हतं.

एकदा बाबांनी मला सोबत नेलं. पांदणीतून चालताना नगारा मोठा होत गेला. तांड्याच्या जवळ पोचलो आणि त्याच्या अंगावर एक बारीक, लखलखीत रेघ उमटली. ती काशाची थाळी होती. काठीच्या प्रत्येक टोल्याबरोबर ती चमकायची आणि चमक विरायच्या आत पुढचा टोला पडायचा. इतकी वर्षं ती रोज वाजत होती आणि माझ्या अंगणापर्यंत पोचतच नव्हती. पुढे विज्ञानाच्या तासाला कारण कळलं. हवेतून जाताना बारीक आवाज लवकर विरतो, जाडा लांबवर टिकतो. म्हणजे अंतर नुसता आवाज लहान करत नाही, ते त्यातलं निवडून काही काढून घेतं.

शिकायला अमरावतीला गेलो. तिथे ग्रंथालयात वामनराव देशपांड्यांचं 'घरंदाज गायकी' हाती लागलं. स्वर आणि लय ही दोन टोकं धरून कोणतं घराणं कोणत्या टोकाकडे झुकतं, हे त्यांनी मांडलं आहे. किराणा स्वराकडे, आग्रा लयीकडे, जयपूर दोन्हींचा तोल राखून. वाचताना वाटलं, हा माणूस बाबांच्याच प्रश्नाला उत्तर देतो आहे. त्याच काळात चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या 1920 च्या निरीक्षणाबद्दल वाचलं. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत; आपल्या तबल्या-मृदंगाच्या पुडीवरची शाई ते जुळवून आणते, म्हणून त्यांना स्वर लागतो. सुट्टीत घरी येऊन बाबांना हे सांगितलं. ते पुडीवरच्या काळ्या वर्तुळावरून बराच वेळ बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "बनवनाऱ्याच्या कानाले हे आधीच ठाऊक होतं."

बाबा गेले. पखवाज माझ्याकडे आहे.

साठी ओलांडल्यावर पाखरांचा चिवचिवाट कमी झाल्यासारखा वाटू लागला. डॉक्टरांनी कानांचा आलेख काढला. डावीकडे बरी चाललेली रेघ उजवीकडे घसरत गेली होती. वयाबरोबर उंच आवाज आधी जातात, ते म्हणाले. मला एकदम आमचं अंगण आठवलं. वयानं मला उचलून पुन्हा त्या बाजेवर नेऊन ठेवलं होतं. नगारा ऐकू येणार, थाळी नाही.

गेल्या रामनवमीला नातीला घेऊन पोहरादेवीला गेलो. तिथे आता नगाऱ्याच्याच आकाराचं बंजारा विरासत संग्रहालय उभं आहे. 5 ऑक्टोबर 2024 ला त्याचं उद्घाटन झालं. नात लांबूनच ओरडली, "आबा, केवढा नगारा!" यात्रेच्या एका कडेला भजनाची तयारी चालली होती. नगाऱ्याचं कातडं शेकोटीवर शेकत होतं. ऊब लागली की ते ताणलं जातं आणि आवाज चढतो. एकाने थाळी उचलून एकच टोला मारून पाहिला.

मला टोला ऐकू आला. त्यामागची आस नाही. वाद्यावर आघात झाल्यानंतर नाद जो रेंगाळतो, त्याला वाजवणारे आस म्हणतात. मी नातीला विचारलं, "काय ऐकलंस?"

तिने डोळे मिटले. "आधी उजेड पडला, आबा. आता तो बारीक होतोय. दोऱ्यासारखा. थरथरतोय. डास कानाजवळून दूर जातो ना, तसा. अजून आहे... अजून आहे... गेला."

मी तिचा हात धरून उभा होतो. आस माझ्यापर्यंत पोचली होती, शेवटच्या धाग्यापर्यंत. छान होती, असं ती एकदाही म्हणाली नाही.