शेवटच्या अपुऱ्या तुकड्यास

प्रिय शेवटच्या तुकड्या,

1003 नावांच्या यादीचे शंभर-शंभरचे गट पाडले की दहा गट भरतात आणि तीन नावं उरतात. ती तीन नावं म्हणजे तू. गट पाडण्याची कोणतीही रीत तपासायची असेल, तर ती तुझं काय करते ते आधी पाहावं, असं माझं ठाम मत आहे.

गट पाडल्याशिवाय तर चालत नाही. डायनॅमोडीबी हा डेटाबेस एका बॅच-राइट विनंतीत 25 हून जास्त नोंदी घेत नाही.

पायथॉनमध्ये एक चलाख ओळ पुष्कळ वर्षं हातोहात फिरली: एकच इटरेटर झिप या फंक्शनला शंभर वेळा द्यायचा. झिप दरवेळी त्याच इटरेटरकडून पुढचं नाव ओढतो आणि गट आपोआप जुळत जातात. ओळ देखणी आहे, हे मान्य. पण एक जागा जरी रिकामी राहिली तरी झिप तिथेच थांबतो आणि तुझी तिन्ही नावं गळून पडतात. ना एरर, ना इशारा. बरोबर 1000 नावांवर घेतलेली चाचणी पास होते, कारण तिथे तू नसतोसच! झिप-लाँगेस्ट तुला ठेवतो खरा, पण 97 रिकामी मूल्यं भरून. पुढच्या कोडनं ती गाळली नाहीत तर तीही नोंदी म्हणून पुढे सरकतात.

नवशिक्यांना मी स्लाइसच सुचवीन. 0, 100, 200 अशा पावलांनी जायचं आणि दरवेळी शंभराचं स्लाइस मागायचं. यादी आधी संपली तर स्लाइस कुरकुरत नाही, उरलेलं हाती देतं. फाइल किंवा जनरेटर असेल तर मात्र हे जमत नाही. त्यासाठी 2023 मध्ये पायथॉन 3.12 च्या इटरटूल्समध्ये ‘बॅच्ड’ आलं. ते तुला आहे तसा ठेवतं. 3.13 मध्ये त्याला ‘स्ट्रिक्ट’ हा पर्याय मिळाला. तो लावला की तू अपुरा निघताच एरर येते. मला ही एरर फार मोलाची वाटते. रस्टची ‘चंक्स-एक्झॅक्ट’ पद्धत फक्त भरलेले गट देते, पण तुला ‘रिमेंडर’मध्ये वेगळा काढून ठेवते. क्लोजरचं ‘पार्टिशन’ तुला सोडून देतं. तू हवा असशील तर ‘पार्टिशन-ऑल’ लिहावं लागतं.

म्हणून यापुढे शंभराचे गट पाडणारा कोड समोर आला, की मी चाचणीत 0, 1, 99, 100 आणि 101 नावांच्या याद्या मागणार. त्यांतल्या 101 च्या यादीत तू एकट्या नावाचा असशील, आणि ते नाव पलीकडे पोचलं का, हे मी स्वतः पाहीन.

तुझ्या बाजूचा,
एक प्रोग्रॅमर