सही करण्याआधी

चि. सोनूस,


शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचं काम तुझ्याकडे आल्याचं ताईनं फोनवर सांगितलं. प्रेसवाले मोबाइलवर पीडीएफ पाठवतील, "मॅडम, ओके टाका, प्लेट काढायचीय" म्हणतील. टाकू नकोस. पानं कागदावर काढून घे. आणि आधी माझं एक ऐक.

तुझा जन्म व्हायच्या आधी गावच्या वाचनालयाची अशीच स्मरणिका माझ्याकडे होती. देणगीदारांची यादी मी दोनदा मूळ कागदाशी ताडून पाहिली. अक्षर न् अक्षर जुळलं, सही केली. पण यादी लिहिल्यापासून प्रूफ येईपर्यंतच्या तीन आठवड्यांत त्यातल्या एका बाईंचे यजमान गेले होते. छापून आलं 'सौ.' सोनू, मी त्या घरी तेराव्याला जाऊन आलो होतो! तरी ते एक अक्षर मला दिसलं नाही, कारण मी कागद कागदाशी जुळवत होतो. पाचशे प्रतींवर पट्ट्या चिकटवल्या. एक प्रत आधीच त्यांच्या घरी गेली होती. त्या मला काहीच बोलल्या नाहीत, आणि तेच अजून सलतं.

म्हणून यादी वाचताना प्रत्येक नावाचं माणूस डोळ्यांपुढं आण. सौ., श्रीमती, कै. हे आजच्या तारखेला खरं आहे का, ते त्या-त्या घरी विचार. गावांचंही तेच. जुन्या यादीत कोगनोळी, अकोळ, सौंदलगा यांच्यापुढं 'ता. चिकोडी' असेल, आता निपाणी तालुका झालाय. सरकारदरबारी बेळगावचं नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून 'बेळगावी' आहे. आपल्या मराठी पानांवर 'बेळगाव'च राहू दे, पण सगळीकडे तेच.

कन्नड पान वाचता येतं म्हणून तू एकटीनं उरकू नकोस. तिथं रफार अक्षराच्या डोक्यावर नसतो, अक्षरानंतर येतो; मराठीला सरावलेली नजर त्यावरून घसरते. कन्नडच्या बाईंना शेजारी बसव.

लेख येणार युनिकोडमध्ये, प्रेसमध्ये ते जुन्या फॉन्टमध्ये फिरवणार, आणि त्यात जोडाक्षरं मोडतात. आभाराच्या पानावर 'आचाऱ्यांचे आभार'चं 'आचार्यांचे आभार' होऊन बसतं. संगणक खाली लाल रेघ ओढत नाही, शब्द दोन्ही मराठीच. पहाटे चुली पेटवणारा माणूस मात्र त्या पानावरून पुसला जातो.

याला मुद्राराक्षस म्हणून सोडून देतात, मला ते पटत नाही. जावजी दादाजींनी 1869 मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. तिथं संस्कृत ग्रंथांची प्रुफं शास्त्री तपासत, म्हणून निर्णयसागरची प्रत लोक विश्वासानं मागून घेत. राक्षस तिथंही असणारच की! पण बसून तपासणारी माणसंही होती.

दुरुस्त्यांनंतर दुसरं प्रूफ घेच. एक शब्द वाढला की ओळी सरकतात, एका फोटोखालचं नाव शेजारच्या फोटोखाली जातं. मुखपृष्ठावरचं मोठं शीर्षकही वाच, ते कुणीच वाचत नाही.

रविवारी सकाळच्या बसनं निपाणीला येतो. देणगीदारांची यादी मी मोठ्यानं वाचेन, तू प्रूफवर बोट ठेव. तोवर सही करू नकोस.

तुझा,
मामा