आरसा डोळ्याला बसवावा

कार्तिकी एकादशी झाली की आमच्या इंदूर–इच्छापूर रस्त्यावर वेगळी वर्दळ सुरू होते. केळीचे ट्रक बारा महिने असतातच. त्यांच्यामधून आता जळगाव, भुसावळ, नाशिक, पुण्याकडच्या छोट्या बस दिसू लागतात. पुढच्या काचेवर ‘नर्मदे हर’, टपावर ताडपत्री, मागच्या खिडकीत वाळत घातलेला पंचा. चातुर्मास सरलेला असतो आणि ओंकारेश्वरहून नर्मदा परिक्रमा उचलायला मंडळी निघालेली असतात. असीरगडाच्या पायथ्याचा चढ लागण्याआधी अनेक जण बुऱ्हाणपूरला थांबतात. कुणी मावा जिलेबीसाठी, कुणी माझ्याकडे.

गेली तीस वर्षं मी गाड्यांची दारं, पत्रा, काचा आणि आरसे यांचं काम करतो. इंजिनाला हात लावत नाही. आरसा म्हणजे किरकोळ काम, असं पुष्कळांना वाटतं. मला तसं कधीच वाटलं नाही. ब्रेक दाबायचा की नाही, बाजू बदलायची की नाही, हे चालक आधी आरशाला विचारतो आणि मग पाय-हात हलवतो.

गेल्या वर्षी परिक्रमेला निघालेलं जळगावकडचं एक निवृत्त शिक्षक जोडपं आलं. सर आणि बाई. गाडी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर. बजाज टेम्पोने १९८७ मध्ये मर्सिडीजच्या टी-१ गाडीवरून ही ट्रॅव्हलर आणली. पुढे २००५ मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं. आत दोन झोपायच्या फळ्या, शेगडी, पाण्याची टाकी, कपड्यांचं कपाट, असा संसार नेटका मांडलेला. मागच्या खिडकीला कपाट आलेलं, त्यामुळे मधल्या आरशात फक्त कपाटाचं दार दिसायचं. म्हणजे मागचा रस्ता कळायला उरले ते बाजूचे दोनच आरसे.

सर म्हणाले, “भाऊ, ट्रकसारखे मोठे आरसे लावून द्या.” बाई जरा थांबून म्हणाल्या, “मोठ्या-लहानाचं मला कळत नाही. पण मी चालवायला बसले की डाव्या आरशात मला आकाश आणि केळीच्या बागांचे शेंडे दिसतात. परवा शेजारून आलेली मोटारसायकल दिसलीच नाही.”

दुखणं तिथेच होतं. दोघं आळीपाळीने गाडी चालवायचे. सर उंच, बाई त्यांच्या खांद्याला लागतील एवढ्या. बाई सीट पुढे ओढून बसायच्या, डोळा खाली आणि पुढे यायचा. सरांसाठी लावलेला आरसा मग त्यांना वरचं आणि बाहेरचं दाखवायचा. डावा आरसा हाताने फिरवायचा तर कुणीतरी खाली उतरून, दुसऱ्याने “अजून थोडा आत” म्हणत बसायचं. रस्त्यात कोण करणार ते? बाई सरांच्याच आरशावर गाडी चालवत होत्या.

नवा आरसा काढण्याआधी मी अंगणात खडू घेतो. बाईंना सीटवर बसवलं. माझा मदतनीस सायकल हातात धरून मागून डाव्या अंगाने चालत आला. बाईंनी आतून सांगायचं, “दिसली”, “गेली”. दर वेळी मी फरशीवर रेघ मारली. शेवटी मागच्या चाकापासून पुढच्या दारापर्यंत खडूने आखलेला एक लांब पट्टा तयार झाला. त्या पट्ट्यात सायकल उभी होती, माणूस उभा होता, आणि बाईंना काहीच दिसत नव्हतं. सर खाली उतरून तो पट्टा बघत राहिले. नवरात्रात इच्छापूरच्या इच्छादेवीच्या दर्शनाला निघालेली माणसं रात्री रस्त्याच्या डाव्या कडेनेच चालत असतात, एवढंच मी त्यांना म्हणालो.

आता काचेकडे येऊ. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. उजवा आरसा डोळ्यापासून जेमतेम पाऊण मीटरवर, डावा सुमारे १.७ मीटरवर. १५ सेंटीमीटर रुंद सपाट काच उजवीकडे साधारण ११ अंशांचा पट्टा दाखवते. तीच काच डावीकडे लावली तर फक्त ५ अंश. म्हणून बाहेरचा आरसा फुगीर, शाळेच्या भाषेत बहिर्वक्र, करतात. १२०० मिलिमीटर वक्रता त्रिज्येची काच डावीकडे तोच पट्टा १९ अंशांपर्यंत नेते.

याची किंमत मोजावी लागते. अशा आरशात ३० मीटर मागची गाडी उजवीकडे जवळजवळ ७० मीटरवर असावी तेवढी लहान दिसते, आणि डावीकडे ११५ मीटरच्याही पलीकडे असल्यासारखी. ती गाडी तुमच्यापेक्षा ताशी ४० किलोमीटर जास्त वेगाने येत असेल तर ३० मीटर ती तीन सेकंदांच्या आत संपवते. काच जितकी जास्त फुगीर, तितकी ही फसगत मोठी. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या आर-४६ या नियमावलीत मुख्य आरशाची त्रिज्या १२०० मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. आपल्याकडे आरशासाठी एआयएस-००१ आणि तो बसवण्यासाठी एआयएस-००२ ही मानकं आहेत.

बाजारात मात्र “वाइड अँगल” म्हणून काहीही मिळतं. सर वाटेत कुठूनतरी तसा एक जोड घेऊन आले होते. मी १५० मिलिमीटरची स्टीलची पट्टी त्या काचेवर आडवी ठेवली. पट्टी मधोमध टेकते आणि दोन्ही टोकांना फट राहते. १२०० ची काच असेल तर ती फट सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास भरते. इथे फट मोजायच्या फीलर गेजच्या पात्यांवर पाती चढवत गेलो, तेव्हा सात मिलिमीटर भरली. म्हणजे त्रिज्या जेमतेम ४००. रस्ता भरपूर दिसायचा, पण मागचा ट्रक खेळण्याएवढा. तो जोड मी बाजूला ठेवला.

आम्ही दोन काचांचा आरसा निवडला. वर १२०० ची मुख्य काच, खाली जास्त फुगीर छोटी काच. बाईंना समजावलं, “खालच्या काचेत फक्त बघायचं, कुणी आहे का. किती लांब आहे, ते वरच्या काचेला विचारायचं.” त्या लगेच म्हणाल्या, “हजेरी खाली, मार्क वर.”

आता बसवणं. जुन्या गाडीचा आरसा थरथरतो तेव्हा लोक आरसा बदलतात. मी आधी दार अर्धं उघडून टोकाला धरतो आणि वर उचलून बघतो. या गाडीचं दार बोटभर हललं. बिजागराची पिन आणि बुश झिजलेले. अशा दारावर कितीही चांगला आरसा लावा, रात्री मागचा दिवा पाण्यातल्या चंद्रासारखा हलणार. बुश बदलले. मग दाराच्या पत्र्याला आतून तळहाताएवढी लोखंडी पट्टी दिली, म्हणजे बोल्टाभोवती पत्रा चिरत नाही. बाहेर रबराचा पॅड. पाइप एका टोकाला न धरता वर-खाली दोन ठिकाणी धरला आणि शक्य तेवढा आखूड ठेवला. बाकी सगळं तेच ठेवून पाइपाची लांबी दुप्पट केली तर टोकाचा झोल आठपट होतो. आमच्याकडच्या उन्हाळ्यात स्वस्त प्लास्टिकचा सांधा दोन वर्षांत ठिसूळ होतो, आणि पावसाळ्यात कडेने ओल शिरून काचेचा पारा उडतो. म्हणून सांधा धातूचा आणि काचेची कड सीलबंद घेतली.

खरा बदल होता तो डाव्या आरशातल्या दोन छोट्या मोटरींचा: एक वर-खाली, एक आत-बाहेर. बटण चालकाच्या हाताशी. १२ व्होल्टची वायर, वेगळा फ्यूज. दाराच्या जोडातून वायर नेताना रबरी नळीत ढील ठेवली, कारण दार हजारो वेळा उघडतं आणि ताणलेली वायर तिथेच तुटते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही, म्हणून आरसे मानकातले घेतले आणि गाडीच्या आतल्या बदलांची नोंद कागदपत्रांत आहे ना, तेही सरांकडून बघून घेतलं.

काम चालू असताना मी बाईंना दोन गोष्टी सांगितल्या. १९०९ मध्ये डोरोथी लेव्हिट या इंग्लिश मोटारचालक बाईने मोटार चालवणाऱ्या स्त्रियांसाठी पुस्तक लिहिलं आणि त्यात सल्ला दिला की जवळ छोटा हातआरसा ठेवा, मागचं बघायला उपयोगी पडतो. दोन वर्षांनी, १९११ मध्ये, रे हॅरून अमेरिकेतली पहिली इंडियानापोलिस ५०० शर्यत जिंकला. बाकीच्यांच्या शेजारी मागे लक्ष ठेवणारा मेकॅनिक बसलेला, याच्या गाडीवर त्याऐवजी आरसा. आपल्या ट्रकवरचा क्लीनर तेच काम अजून करतो, दारात लटकून “येऊ द्या, येऊ द्या” म्हणतो. ज्यांच्या गाडीत क्लीनर नाही, त्यांचा क्लीनर आरसाच.

संध्याकाळी पुन्हा सायकल फिरवली. बाईंनी बसल्या जागेवरून बटण दाबून आरसा स्वतः लावला. “दिसली... दिसली... अजून दिसतेय.” सायकल आरशातून सुटली तेव्हा ती त्यांच्या खिडकीतून दिसायला लागली होती. खडूचा लांब पट्टा आखडून दारापाशी हातभर उरला. तो पूर्ण जात नाही, तेवढ्यासाठी मान वळवावीच लागते, हेही मी सांगितलं.

परिक्रमेत नर्मदामाई कायम उजव्या हाताला ठेवायची असते. चालकाची नजर साहजिकच तिकडे ओढली जाते. गावं, गुरं, शाळकरी मुलं, पायी परिक्रमावासी मात्र डावीकडे असतात. डाव्या आरशासाठी मी एवढा दिवस घालवला तो यासाठी.

निघताना बाईंनी पर्समधून पेन काढलं आणि समोरच्या सन-व्हायझरवर चिकटवलेल्या कागदावर सुवाच्य अक्षरांत दोन ओळी लिहिल्या: ‘मागच्या दाराची मूठ आतल्या कडेला. क्षितिज मध्याच्या जरा वर.’ सीटवर कुणीही बसलं तरी किल्ली फिरवण्याआधी या दोन ओळी तपासायच्या, असं ठरलं. मग त्या स्वतःच चालवायला बसल्या. डावीकडे एकदा पाहिलं, एक सायकलवाला जाऊ दिला, आणि गाडी असीरगडाच्या दिशेला लागली.