शिळफाट्याची 'नीलगिरी'

पार्सलच्या कागदावर चारच शब्द होते : 'रेडिओ कंट्रोल मॉडेल वॉरशिप'. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या भाचीने ते अगदी प्रामाणिकपणे लिहिले आणि त्या प्रामाणिकपणाची किंमत शिळफाट्यावरच्या एका निवृत्त फिटरला मोजावी लागली. जहाज आता पाण्यावर चालतं आहे, तरी हा विषय निघाला की मामांचा आवाज चढतो. प्रस्तुत लेखक त्यांचा भाचा. कागदपत्रांची धावपळ त्याच्याकडे होती, त्यामुळे त्याचाही चढतो.

शिळफाटा म्हणजे खोपोलीचा, कल्याणजवळचा नव्हे. जुना मुंबई-पुणे रस्ता, गॅरेजं, टायरवाले, आणि मागे बोरघाटाची भिंत. समुद्र इथून दिसत नाही, पण घाट चढून गेलं की लोणावळ्याला 'आयएनएस शिवाजी' आहे आणि 1945 पासून नौदलाचे इंजिनीअर तिथे घडतात. मामांच्या घरात तर नौदल भिंतीवरच होतं. त्यांचे वडील माझगाव डॉकमध्ये वेल्डर होते आणि 'नीलगिरी'च्या बांधणीत त्यांचा हात लागला होता. ब्रिटिश लिअँडर जातीची ही फ्रिगेट 1968 साली पाण्यात उतरली आणि 3 जून 1972 रोजी नौदलात दाखल झाली. पुढे त्याच गोदीतून हिमगिरी, उदयगिरी, दुनागिरी, तारागिरी आणि विंध्यगिरी निघाल्या.

या सहांपैकी आज बघायला काय उरलंय? नीलगिरी निवृत्त झाल्यावर 24 एप्रिल 1997 रोजी क्षेपणास्त्राच्या चाचणीत आपल्याच सी हॅरिअर विमानाने तिला बुडवलं. विंध्यगिरी 2011 साली मुंबई बंदराच्या तोंडाशी मालवाहू जहाजाशी टक्कर होऊन आग लागून बुडाली. फार कशाला, ज्या 'विक्रांत'ला शाळांच्या सहली जायच्या, ती 2014 साली सुमारे 60 कोटींना विकली गेली आणि दारूखान्यात कापली गेली. जहाज पोलादाचं असतं, जतन करायला खर्च येतो, हे सगळं खरं. पण ज्यांनी ते जोडलं त्यांच्या नातवंडांना दाखवायला काहीच ठेवायचं नाही, हे लेखकाला पटत नाही.

म्हणून मामांनी ठरवलं, आपणच बांधायची. लिअँडर जातीचा 1:96 प्रमाणाचा संच इंग्लंडमध्ये मिळतो. त्यात फायबरग्लासचा हल, डेकसाठी प्लास्टिकचे तक्ते, तोफा, बोटी, रडार असे ओतीव सुटे भाग आणि जाडजूड नकाशे असतात. मोटर, बॅटरी, रेडिओ आपले आपण घ्यायचे. भाचीने मात्र मामाला सरप्राईज म्हणून रेडिओचा ट्रान्समीटरही त्याच खोक्यात घातला.

मग सुरू झालं ते शब्दांचं प्रकरण. पार्सल मुंबईत येऊन अडकल्याचा मेसेज आला आणि एका कचेरीत जाऊन खुलासा करा म्हणून सांगण्यात आलं. पहिली हरकत 'रेडिओ' या शब्दाला. मामांनी आधीच वाचून ठेवलं होतं की 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात कमी ताकदीची उपकरणं वापरायला आपल्याकडे 2005 पासून परवाना लागत नाही. ते बरोबरच आहे, पण वापरायला परवाना नको आणि बाहेरून आणायला मान्यता हवी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उपकरणाला दूरसंचार खात्याच्या वायरलेस शाखेची प्रकारमान्यता लागते. ती कंपन्या घेतात, एका ट्रान्समीटरसाठी खोपोलीचा पेन्शनर कुठून घेणार?

दुसरी हरकत 'वॉरशिप'ला. तोफा कशाच्या? त्यातून काही उडतं का? मामांनी खोकं उघडून तोफेचा जुळा बुरूज तळहातावर ठेवून दाखवला. राळेचा, नखाएवढ्या नळ्यांचा. समोरच्या माणसाने तो उलटापालटा करून पाहिला, फोटो काढला आणि वरच्यांना दाखवावा लागेल म्हणाला. खरं तर तो माणूस सभ्य होता, त्याने बसायला खुर्ची दिली, पाणी विचारलं. तेव्हा हा राग त्याच्यावर नाही.

तिसरी हरकत मात्र खरी जिव्हारी लागली. 'मॉडेल' म्हणजे खेळणं. जकातीच्या वर्गवारीत 9503 नावाचं एक कलम आहे. बाहुल्या, तीनचाकी सायकली, कोडी, आणि त्याच ओळीत लहान प्रमाणातली मॉडेल्स, चालणारी असोत की न चालणारी. या कलमावरचा कर फेब्रुवारी 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 वर गेला आणि 2023 च्या अर्थसंकल्पात 70 वर. शिवाय 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचा शिक्का सक्तीचा झाला. "शिक्का कुठाय?" असं विचारण्यात आलं.

"अहो, हे लहान मुलांसाठी नाहीच," मामा म्हणाले. खोक्यावरच छापलं होतं, 14 वर्षांखालील मुलांसाठी नव्हे. आणि तो गुणवत्ता आदेशही नेमका 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांपुरता आहे. लेखकाने आदेशाची प्रत छापून नेली होती. ती वाचली गेली, मान्यही झाली. म्हणजे शिक्क्यापुरतं ते खेळणं राहिलं नाही, पण वर्गवारीचं कलम बघितलं की पुन्हा खेळणं. एकाच टेबलावर, एकाच खोक्याबद्दल, दहा मिनिटांच्या आत! भेट म्हणून पाठवलंय हे सांगून उपयोग नव्हता, कारण टपाल-कुरियरने येणाऱ्या परदेशी भेटींची सवलत डिसेंबर 2019 मध्येच बंद झाली आहे, राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून.

दरम्यान पार्सल पडून राहिल्याचं भाडं चढत होतं. शेवटी ट्रान्समीटरवरचा हक्क सोडल्याचं लिहून दिलं, लागला तेवढा कर भरला आणि खोकं सुटलं. परतीच्या लोकलमध्ये कर्जतपर्यंत मामा एक शब्द बोलले नाहीत. खोपोलीची गाडी धरताना एवढंच म्हणाले, "चाळीस वर्षं मायक्रोमीटर धरला रे या हातात. खेळणं म्हणतात."

इथे दुसरी बाजूही मांडायला हवी. 2019 मध्ये क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाने आयात खेळण्यांच्या चाचण्या घेतल्या, त्यात सुमारे 67 टक्के नापास झाली. लहान मुलं खेळणी तोंडात घालतात, त्यामुळे तो आदेश हवाच होता. पण त्याच देशाचं सरकार एनसीसीच्या नौदल शाखेतल्या मुलामुलींकडून जहाजांची मॉडेल्स बांधून घेतं, दरवर्षीच्या नौसैनिक शिबिरात शिप मॉडेलिंगची स्पर्धा ठेवतं, आणि त्यात रेडिओवर चालणारी मॉडेल्सही असतात. शिबिरात जे कौशल्य आहे ते बंदरात बाहुल्यांच्या ओळीत का बसवायचं? या कामाला वेगळी ओळ मिळायला हवी. ती मिळेपर्यंत ज्यांना असा संच मागवायचाय त्यांनी रेडिओ खोक्यात येऊ देऊ नये, दुकानाचं बिल आणि वयाची अट छापलेला फोटो आधीच हाताशी ठेवावा, आणि पाठवणाऱ्याला सांगावं की फक्त भागांची नावं लिही.

ट्रान्समीटर मग लॅमिंग्टन रोडवर मिळाला, सहा चॅनलचा, पक्क्या बिलासकट. मोटरी, सर्व्हो, स्पीड कंट्रोलरही तिथेच.

बांधणीत सगळ्यात अवघड गोष्ट तोफा किंवा रडार नव्हती, शाफ्ट होती. लिअँडरला दोन प्रोपेलर, दोन सुकाणू. मोटर आणि शाफ्ट एका रेषेत नसतील तर जहाज थरथरतं, बॅटरी खातं आणि स्टर्न ट्यूबमधून पाणी घेतं. मामांनी मोटर बसवण्याआधी कपलिंगच्या जागी पितळेची सरळ सळई घातली आणि शाफ्ट दोन बोटांत धरून सावकाश फिरवला. एका ठिकाणी तो किंचित जड जायचा. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. मोटरच्या बैठकीखाली त्यांनी सिगरेटच्या पाकिटातला चंदेरी कागद घातला, पुन्हा फिरवला, कागदाची एक घडी वाढवली. जडपणा गेला. मगच अरल्डाइट कालवलं. लेखकाने शाफ्ट फिरवून पाहिला, त्याला आधीचा आणि नंतरचा फरक कळला नाही. मामांना कळत होता.

वजनाचं गणितही कडक असतं. लांबी 96 पटीने कमी झाली की वजन 96 गुणिले 96 गुणिले 96 इतकं, म्हणजे जवळजवळ पावणेनऊ लाख पटीने कमी होतं. खरी नीलगिरी 113 मीटर लांब आणि पूर्ण भारासह सुमारे 2,900 टनांची. मॉडेल 118 सेंटिमीटरचं, आणि हल, मोटरी, बॅटरी, डोलकाठ्या धरून त्याला वजन मिळतं साधारण सव्वातीन किलो. त्याहून जड झालं तर पाणरेषा बुडते. हलकं झालं तर तळाशी शिसं घालून खाली बसवायचं. ते शिसं शिळफाट्यावरच्या टायरवाल्याकडून आलं, चाकं बॅलन्स करताना काढून टाकलेले तुकडे. अर्धं कापलेलं पिंप अंगणात पाण्याने भरलं होतं, त्यात एकेक तुकडा सरकवत मामा डोलकाठीला बोटाने ढकलायचे आणि जहाज किती वेळात सरळ होतं ते बघायचे.

वरचा भार जास्त झाला तर काय होतं, हे ब्रिटिश नौदलाने 'कॅप्टन' जहाजाच्या निमित्ताने भोगलं. उंच डोलकाठ्या, जड बुरूज आणि पाण्यापासून जेमतेम वर असलेला डेक अशी ती युद्धनौका सप्टेंबर 1870 मध्ये वादळात उलटली आणि पावणेपाचशेच्या वर माणसं गेली. विल्यम फ्रूड हा इंजिनीअर त्या काळात लहान मॉडेल्स पाण्यात ओढून मोठ्या जहाजाचं वागणं ओळखू पाहत होता. 1872 मध्ये टॉर्कीला त्याच्या प्रयोगांचा तलाव सुरू झाला. आज जगातल्या कुठल्याही मोठ्या जहाजाचं आधी मॉडेल होतं. आपल्याकडे विशाखापट्टणमच्या नौदल प्रयोगशाळेत असाच तलाव आहे. फ्रूडच्याच नियमाने मॉडेलचा वेग प्रमाणाच्या वर्गमुळाने कमी करायचा असतो. नीलगिरीचे ताशी 50 किलोमीटर म्हणजे मॉडेलचे ताशी जेमतेम 5, माणसाच्या चालीइतके. त्यापेक्षा जोरात पळवलं की पाण्याची लाट खोटी दिसते. आणि रेडिओ कंट्रोलची एक सुरुवातीची जाहीर करामतही बोटीचीच, बरं का. निकोला टेस्लाने 1898 साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हौदात बिनतारी बोट चालवून दाखवली होती.

रंगकाम पावसाळ्याने अडवलं. घाटाच्या पायथ्याची हवा जुलैत इतकी ओली असते की फवारलेला करडा रंग दुधाळ पडतो. एकदा घासून काढावा लागला, मग काम दसऱ्यानंतर.

पाण्यात कुठे सोडायची हाही प्रश्नच होता. पाताळगंगा घराजवळ आहे, पण टाटांचं खोपोलीचं वीजघर 1915 पासून घाटावरच्या धरणांचं पाणी खाली घेतं आणि ते पुढे नदीत जातं. वीजघर जोरात चाललं की पाण्याला ओढ येते. शेवटी खोपोलीतलं महादेवाच्या देवळाजवळचं तळं ठरलं, नाना फडणवीसांनी बांधवलेलं. सकाळी लवकर, वारा सुटायच्या आत. नीलगिरी पायरीवरून पाण्यात ठेवली, मामांनी दोन्ही मोटरी अगदी हळू सुरू केल्या, मग एक पुढे आणि एक मागे फिरवून तिला जागच्या जागी वळवलं. वळताना ती किंचित कलली आणि सावकाश सरळ झाली. आंघोळीला आलेले एक आजोबा हात जोडून बघत राहिले. लेखकाच्या अंगावर काटा आला, हे सांगायला त्याला संकोच नाही.

तळ्याच्या काठावरच त्याने पुन्हा 9503 चा विषय काढला. खासदारांना पत्र लिहू, मसुदा तयार आहे, म्हणाला. मामांनी रिमोटवरून नजर न काढता उत्तर दिलं, "लिही. पण कर कमी करा असं लिहू नकोस. स्वस्तात आलं असतं तर पुढचंही मी तिथूनच मागवलं असतं."

लेखकाला हे अजून पचलेलं नाही. इतक्या हेलपाट्यांनंतर मामा कराच्याच बाजूने? पण ते मागे हटत नाहीत. त्यांचं भांडण पैशाशी नव्हतंच म्हणे, शब्दाशी होतं. पुढचा हल त्यांनी घरीच करायला घेतला आहे, सागाच्या फळ्या चिकटवून साचा आणि त्यावर खोपोलीत सहज मिळणारं फायबर. जहाज निवडलंय 'खुकरी'. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवजवळ पाणबुडीच्या टॉर्पेडोने ती बुडाली, तेव्हा 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक तिच्यासोबत गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून निघाले नाहीत. दीवच्या स्मारकात काचेआड तिचं मॉडेल आहे. मामा ते बघून आले आणि डेकवरच्या बोटींची मांडणी वहीत काढून आणली. ही नीलगिरीपेक्षा लहान, 1:96 ला जेमतेम मीटरभर, आणि तिला प्रोपेलर एकच. एक प्रोपेलर म्हणजे जागच्या जागी वळणं नाही, सगळी भिस्त सुकाणूवर. सुकाणूचं पान किती मोठं ठेवायचं यावर सध्या मामा-भाच्यांचा वाद चालू आहे. मामा प्रमाणाबाहेर एक मिलिमीटरही वाढवायला तयार नाहीत.