कान कापला तरी

आमच्या अण्णांनी आयुष्यात तीन गोष्टी बदललेल्या नाहीत : न्हावी, चहाची पूड आणि पक्ष. पैकी चहाची पूड बदलावी असे आईला गेली चाळीस वर्षे वाटते. पण घरातले तिचे मतदान गुप्त असल्यामुळे ते मोजले जात नाही. न्हाव्याची गोष्ट मात्र सगळ्या आळीला ठाऊक आहे. त्याचा हात हल्ली थरथरतो. गेल्या तीन वर्षांत त्याने अण्णांचा डावा कान दोनदा आणि उजवा एकदा कापला. दर वेळी अण्णा कानाला तुरटी लावतात, वर कापूस चिकटवतात आणि झोपाळ्यावर बसून म्हणतात, "वस्तरा नवा होता." वस्तरा जुना असता तरी त्यांनी हेच म्हटले असते, फक्त 'नवा'च्या जागी 'जुना' आले असते.

"अण्णा, बोर्लीला नवीन सलून निघालंय," मी एकदा सुचवून पाहिले. "खुर्ची वर-खाली होते."

"खुर्ची वर-खाली होऊन काय करायचंय? आणि तो कोण, कुठला! काय भरवसा? कान कापील!"

पक्षाचा उमेदवार भानगडीत सापडला तरी लोक पुन्हा त्याच पक्षाला मत का देतात, या प्रश्नावर शहरात परिसंवाद होतात असे मी ऐकतो. तिथल्या विद्वानांनी एकदा दिवेआगरला यावे, समुद्र पाहावा, उकडीचे मोदक खावेत आणि जाता जाता अण्णांचा कान पाहावा. बाकी अभ्यास प्रवासखर्चाच्या बिलावर करता येईल.

विषय आमच्या मुलखाला परका नाही. बॅरिस्टर अ. र. अंतुले आमचेच, सावित्रीकाठच्या आंबेतचे. ते १९८० च्या जूनमध्ये मुख्यमंत्री झाले आणि आमच्या श्रीवर्धन तालुक्यातला जो तो अर्धा मुख्यमंत्री झाला. पुढच्या वर्षी कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला, म्हणजे उरलेला अर्धाही मिळाला. त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटी अरुण शौरींनी इंग्रजी वर्तमानपत्रात ते प्रकरण छापले. एका हाताने बिल्डरांना सिमेंट आणि दुसऱ्या हाताने प्रतिष्ठानांना देणग्या, असा तो आरोप. १२ जानेवारी १९८२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी या दोन्ही हातांची एकमेकांशी ओळख आहे, अशा अर्थाचा निकाल दिला. मुख्यमंत्रिपद गेले. पुढे खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आला आणि १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने, त्याच न्यायालयाने आधी दिलेला आदेश चुकीचा ठरवून रद्द केला. वकील मंडळी तो निकाल अजून अभ्यासतात. आमच्या आळीने तो कधीच अभ्यासला नाही, कारण आळीचा निकाल आधीच लागलेला होता.

याच काळात अण्णा घर बांधत होते. मी पाळण्यात होतो, त्यामुळे माझा सल्ला घेतला गेला नाही. त्यांनी सिमेंटच्या तीस पोत्यांसाठी अर्ज केला. सिमेंटवर तेव्हा नियंत्रण होते, टंचाई सगळ्या देशात होती. आमच्या तीस पोत्यांचा आणि मुंबईतल्या त्या गाजलेल्या पोत्यांचा काही संबंध होता असे मी म्हणत नाही. मी बँकेतला कारकून आहे. व्हाउचरशिवाय नोंद करत नाही. एवढे खरे की तीन भिंती सिमेंटात झाल्या आणि चौथीच्या वेळी पोती संपली. १९८२ च्या फेब्रुवारीअखेर सरकारने सिमेंट अर्धेमुर्धे खुले केले, पण तोवर अण्णांचा खिसा पूर्ण खुला झाला होता. मागची भिंत मातीतच चिरे बसवून उभी केली.

पुढे १९८५ मध्ये श्रीवर्धनने अंतुल्यांना पुन्हा विधानसभेत पाठवले. १९८९, १९९१ आणि १९९६ मध्ये ते 'हात' या चिन्हावर लोकसभेत गेले. जिल्ह्याचे कुलाबा नाव पुसणारा माणूस निवडून आला तो 'कुलाबा' मतदारसंघातून. दिल्लीच्या दफ्तराला नवे नाव कळायला २००९ उजाडले. या प्रत्येक वेळी अण्णा धुतलेला सदरा घालून, सकाळी सातच्या आत, मातीच्या भिंतीला वळसा घालून मत द्यायला गेले.

मला नुकताच जमाखर्च कळू लागला होता तेव्हा मी विचारले, "अण्णा, पेपरात एवढं आलं सिमेंटबद्दल. आपली भिंत बघा."

"भिंतीचा आणि मताचा संबंध काय? भिंत मागच्या बाजूला आहे."

या उत्तरावर मी त्या वेळी हसलो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आले. अर्ध्या वाडीतल्या सुपाऱ्या झोपल्या, नारळ मोडले, सिमेंटच्या तीन भिंतींवरचे छप्पर शेजारच्या वाडीत गेले. मातीची भिंत जागची हलली नाही. वादळ ओसरल्यावर चिखलात उभे राहून अण्णांनी तिच्याकडे बोट केले आणि म्हणाले, "बघ!" नेमके काय बघायचे ते मला अजून कळलेले नाही, पण त्या क्षणी वाद घालण्यासारखी परिस्थिती नव्हती.

बँकेच्या काउंटरवर बसून मात्र मला थोडे थोडे कळू लागले. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे काढायला एक आजी महिन्याच्या महिन्याला येते. ही योजना १९८० ची, अंतुल्यांच्या कारकिर्दीतली. आजीला हे ठाऊक आहे की नाही कोण जाणे, पण पैसे कुणी सुरू केले याचे तिचे उत्तर ठरलेले आहे : "हातानं." निवडणुकीच्या आधी एकदा मी तिला शहाणपणा शिकवायला गेलो. आजी, हे लोक किती खातात ते पेपरात येतं, वगैरे.

"कोनी किती खाल्लं ता पेपरात येतंय," आजी म्हणाली. "माज्या हातात किती आलं ता ह्या बुकात येतंय. मना पेपर वाचता येत नाय."

"बुक तरी कुठं वाचता येतं?"

"ता तू वाचून दाखवतोस ना."

मी पासबुक वाचून दाखवले. पेपर वाचून दाखवायला मात्र तिच्याकडे कुणी जात नाही. मीही गेलेलो नाही.

आता थोडे धंद्यातले सांगतो. बी.कॉम. होऊन बँकेत चिकटलेल्या माणसाला एक गोष्ट नीट समजते, ती म्हणजे बुडीत कर्ज. नव्वद दिवस व्याज नाही, हप्ता नाही, की खाते अनुत्पादित धरावे असा नियम आहे. पण खाते जुने असेल तर नियम अमलात आणताना साहेबांचा हात जड होतो. कर्जदाराला बोलावतात, खुर्ची देतात, चहा देतात आणि जुने फेडण्यासाठी नवे कर्ज मंजूर होते. म्हणजे कागदावर जुने फिटले, नवे उभे राहिले आणि पैसा जिथे बुडाला होता तिथेच सुखात राहिला. हे कर्जदाराच्या प्रेमापोटी घडत नाही. खाते बुडाले असे एकदा लिहिले की वरून पहिला प्रश्न येतो, 'मंजुरीवर सही कुणाची?'

अण्णांचे पहिले मत १९६७ चे. तेव्हा बैलजोडी होती. मग गाय-वासरू आले, मग हात आला. जनावरे गेली, अवयव राहिला, अण्णांची शिफारस तीच. जवळजवळ साठ वर्षांचे खाते आहे. आज ते बुडीत म्हणायचे तर सगळी तरतूद एका दिवसात करावी लागेल. लग्नातली भांडणे, मित्रांशी तुटलेले बोलणे, पावसात लावलेली पोस्टरे, हे सगळे नुकसानीत. आणि मंजुरीवर सही कुणाची? ऐंशीच्या घरातल्या माणसाच्या ताळेबंदात एवढा नफा नसतो. म्हणून उमेदवाराची भानगड आली की अण्णा नूतनीकरण करतात.

शिवाय कुंपणापलीकडे नाना आहेत. नाना कट्टर विरुद्ध पक्षाचे. आमच्या उमेदवाराबद्दल काही छापून आले की नाना तो पेपर स्वतः आणून देतात, एरवी पेपर कधी परत करत नाहीत. नानांच्या उमेदवाराबद्दल आले, की पेपर विकला गेलेला असतो. अण्णांनी उद्या पक्ष सोडला तर पक्षाचे काही बिघडणार नाही. पण नाना कुंपणाशी येऊन गालातल्या गालात हसतील, आणि ते हसू टाळण्यासाठी माणूस वाटेल त्याला निवडून देईल. हे इथलेच आहे असे नाही. अमेरिकेत निक्सनसाहेबांनी १९७४ मध्ये राजीनामा दिला, सगळे ध्वनिफितींवर ऐकून झाले होते, तरी पाहणीत चारांतला एक जण त्यांच्या बाजूचा निघाला. त्यालाही कुणी नाना शेजारी असणार. आपल्याकडे २०२४ मध्ये लोकसभेवर निवडून आलेल्या ५४३ पैकी २५१ जणांनी आपल्यावर फौजदारी खटले असल्याचे प्रतिज्ञापत्रावर स्वतःच लिहून दिले होते. खटला म्हणजे गुन्हा नव्हे, हे मान्य. पण आमच्या बँकेत एक चेक परत आला तरी माणसाकडे चष्म्यावरून पाहतात.

अण्णांची खरी परीक्षा कुठल्या भानगडीने घेतली नाही. ती ७ मे २०२४ ला झाली. रायगडच्या मतपत्रिकेवर हातच नव्हता. एकीकडे घड्याळ, म्हणजे सुनील तटकरे, ज्यांना २०१९ मध्ये अण्णांनी पक्षाच्या सांगण्यावरून मत दिले होते. दुसरीकडे मशाल, म्हणजे अनंत गीते, ज्यांनी २००९ मध्ये खुद्द अंतुल्यांना पाडले होते. आणि पक्ष आता सांगत होता की मशाल. नाना सकाळपासून कुंपणाशी उभे. अण्णा केंद्रात गेले ते बराच वेळ बाहेर येईनात.

"कुणाला दिलंत?" मी रस्त्यात विचारले.

"पक्षालाच."

"पण पक्ष होता कुठे?"

"म्हणून तर वेळ लागला."

आता माझी पाळी. मी पक्षवाला नाही, असे मी चारचौघांत सांगतो. एका निवडणुकीत (कोणत्या ते विचारू नका, आमचे गाव लहान आहे) अण्णांच्या पक्षाने असा उमेदवार दिला की समुद्राकडे जाणारा एक रस्ता त्याने कागदावर दोनदा केला आणि जमिनीवर एकदाही नाही, असा बोभाटा होता. रस्ता मी रोज पाहत होतो. म्हणजे पाहण्यासारखे तिथे काही नव्हते. आठवडाभर मी घरात भाषणे केली. कर भरणारा नागरिक, सुशिक्षित मतदार वगैरे. अण्णा म्हणाले, "कागदावर दोनदा तरी केला. दुसऱ्याने एकदाही केला नसता." आई काही बोलली नाही, भाकरी थापत राहिली.

तिच्या न बोलण्याचा अर्थ मला कळत होता. त्याआधी काही वर्षे, श्रावणातल्या रात्री दीड वाजता तिच्या छातीत कळ आली होती. वीज नाही, रिक्षा नाही, फोन लागेना. मी ज्याच्या दारावर थापा मारल्या, तो हाच रस्तेवाला. लुंगीवर उठला, जीप काढली आणि म्हसळ्यावरून माणगावपर्यंत स्वतः चालवत नेली. त्या पावसात प्रत्येक खड्डा त्याला पाठ होता आणि आईला एकही धक्का बसू न देता त्याने तो चुकवला. पहाटेपर्यंत बाकावर माझ्याजवळ बसून राहिला, चहा आणून दिला. डिझेलचे पैसे विचारले तर म्हणाला, "मावशी बरी होऊ दे." मावशी बरी झाली. आज भाकऱ्या थापते आहे.

मतदानाच्या दिवशी मी यंत्रासमोर उभा राहिलो. एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला जीप. दोन्ही रकमा खऱ्या, पण एक जमेला आणि एक नावे असल्या तरी त्यांची वजावाट कशी करायची हे बी.कॉम.च्या कुठल्याच पेपरात नव्हते. रस्ता सगळ्या गावाचा होता. आई एकट्या माझी होती. 'वरीलपैकी कोणी नाही' हेही बटण होते. ते दाबले तर रात्री दीड वाजता ते दार उघडील का, असा एक विचार मनात येऊन गेला. मागे कुणीतरी खोकले. यंत्र वाजले. मी बाहेर आलो.

"कुणाला?" अण्णांनी विचारले.

"मतदान गुप्त असतं."

"मी जीपला दिलं," आई म्हणाली. जीप हे त्या वर्षी कुणाचेच चिन्ह नव्हते.

पुढच्या रविवारी माझे केस मानेवर आले होते. मी स्कूटर काढून बोर्लीच्या सलूनपर्यंत गेलो. काच स्वच्छ होती, पंखा होता, खुर्ची खरोखरच वर-खाली होत होती. दारात दोन मिनिटे उभा राहिलो, आणि मग काही तरी विसरल्यासारखे करून स्कूटर वळवली. घरी परत आलो तेव्हा अण्णा झोपाळ्यावर होते. त्यांनी माझ्या कानाकडे पाहिले, एक शब्द न बोलता उठले आणि आतून तुरटीचा खडा आणून माझ्या हातावर ठेवला.

"वस्तरा नवा होता," मी म्हणालो.