अडसर

गेल्या मे महिन्यात मी भावाकडे फ्लोरिडाला गेले होते. दुसऱ्याच दिवशी दादानं माझ्यापुढे आठ पानांचं एक माहितीपत्रक ठेवलं. "एवढं आईसाठी मराठीत करून दे." गॅरेजच्या दाराला वादळाआधी आतून आधार कसा लावायचा, याचं ते पत्रक होतं. मी हसले. वीस वर्षं कथा-कादंबऱ्यांचे अनुवाद केल्यावर आता खिळे-बोल्टांची पाळी! दादा हसला नाही.

कारण ९ ऑक्टोबर २०२४ ची रात्र. त्या रात्री मिल्टन नावाचं चक्रीवादळ सारासोटाजवळ सिएस्टा कीला किनाऱ्यावर आलं. दादाचं घर तिथून आत, पुराच्या पट्ट्याबाहेर, म्हणून घर सोडण्याचा आदेश नव्हता. दादा कामासाठी परगावी अडकलेला. वहिनी नर्स, वादळाच्या रात्री तिला रुग्णालयातच थांबावं लागतं. घरात आई, वय बहात्तर, आणि पंधरा वर्षांचा नातू. वीज गेल्यावर गॅरेजमधून आवाज येऊ लागला. सोळा फूट रुंदीचं पत्र्याचं दार. "लोहाराच्या भात्यासारखं आत-बाहेर होत होतं गं," आई सांगते. दोघांनी दाराला जेवणाचं टेबल लावलं, तांदळाची पोती लावली आणि उरलेली रात्र मधल्या बोळात बसून काढली. सकाळी पाहिलं तर दार मधोमध वाकलेलं, एक चाक रुळातून निघालेलं. पण ते टिकलं. टेबलामुळे नव्हे, वारा थोडा आधी पडला म्हणून.

घराचं सगळ्यांत मोठं भगदाड म्हणजे गॅरेजचं दार, हे मला पत्रक वाचताना कळलं. भिंत विटांची, छत लाकडाचं, आणि मध्ये एवढा मोठा पातळ पत्रा, तोही चाकांवर लोंबणारा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. दार आत वाकतं, चाकं रुळातून सुटतात, दार पडतं आणि वारा घरात शिरतो. मग तो छताला खालून वर ढकलतो, आणि बाहेरचा वारा त्याच छताला वरून ओढत असतो. दार जातं तेव्हा पुष्कळदा पाठोपाठ छप्परही जातं. २४ ऑगस्ट १९९२ ला अँड्र्यू वादळानं मायामीच्या दक्षिणेकडची घरं उद्ध्वस्त केली, त्यानंतरच्या पाहणीत हेच पुन्हा पुन्हा दिसलं. पुढे २००२ पासून साऱ्या फ्लोरिडाला एकच बांधकाम नियमावली लागू झाली. आता नव्या दाराच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी असते: किती दाब सोसेल, आत ढकलणारा किती आणि बाहेर ओढणारा किती. दादाचं घर त्याआधीचं. वाकलेले पत्रे बदलून घेतले, पण दार जुन्याच पद्धतीचं, चिठ्ठी नसलेलं. पूर्ण नवं दार बसवायचं आहे, पैसे जमताहेत. तोवर या मोसमापुरते टेकू. मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर.

कामाची विभागणी उघड होती. वरचा बोल्ट शिडीवर चढून नातू कसणार. खालची खुंटी जमिनीतल्या भोकात आई बसवणार. नातवाला मराठी समजतं, वाचता येत नाही. आईला इंग्रजी अक्षरं लागतात, पत्रक लागत नाही. म्हणजे वरचं इंग्रजी, खालचं मराठी, आणि दोघांनी एकाच खांबाची दोन टोकं धरायची. एकानं एक शब्द म्हटला आणि दुसऱ्यानं भलतंच धरलं, तर बोट चिरडणार.

मी आधी पुस्तकी मराठी लिहिलं: 'उभा आधारस्तंभ', 'तळ-खीळ'. आईनं कागद चष्म्यासमोर धरला आणि म्हणाली, "बाळा, हे कोणाला हाक मारून सांगता येईल का?" मग तीच सांगू लागली. उभा खांब तो टेकू. जमिनीत जाते ती खुंटी. पत्रे जोडणाऱ्या त्या बिजागऱ्या. प्रत्येक पत्र्यावर बसवायची आडवी पट्टी तो अडसर.

अडसर. हा शब्द मी शेकडो वेळा लिहिला असेल. लग्नातला अडसर, प्रगतीतला अडसर. दूर व्हावा अशीच सगळ्यांची इच्छा असलेली गोष्ट. आईच्या माहेरी, श्रीवर्धनजवळच्या घरात, अडसर म्हणजे दिवेलागणीनंतर मोठ्या दारामागे भिंतीतून ओढून घ्यायचा लाकडी वासा. तो लागल्याशिवाय आजी झोपत नसे. मे संपत आला की आगोटीची कामं निघत: कौलं चाळायची, पडवीला झापं बांधायची, लाकूडफाटा आत घ्यायचा, आणि अडसराचं भोक वाळवीनं पोखरलं नाही ना, हे बघायचं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ त्याच किनाऱ्यावर आलं. आई तेव्हा इथे, फोनला कान लावून. मामाच्या सुपारीच्या बागेत उभं काही राहिलं नाही, पडवीची कौलं गेली. माजघर राहिलं. का राहिलं हे मामाला सांगता येत नाही. आई मात्र म्हणते, दार राहिलं म्हणून.

दुसरी अडचण 'वॉच' आणि 'वॉर्निंग' यांची. जोराचा वारा सुरू होण्याच्या सुमारे ४८ तास आधी पहिली सूचना निघते, ३६ तास आधी दुसरी. मी दोन्हींना 'इशारा' लिहून बसले होते, आणि टेकू तर पहिल्या सूचनेलाच लावायचे होते. आई म्हणाली, "पहिली ती चाहूल." पत्रकातला सगळ्यांत नेमका शब्द तिचा आहे.

काही वाक्यं मी लाल शाईनं लिहिली. दारावरच्या मोठ्या स्प्रिंगला कोणीही हात लावायचा नाही. टेकू लावण्याआधी दाराच्या मोटारीची वायर काढायची. टेकू लावलेले असताना दार उघडायचं नाही. हे वाचून आईनं विचारलं, "मग पळायचं कुठून?" पत्रकात हे नव्हतं. मी शेवटी आमचं एक वाक्य घातलं: 'पुढच्या दाराची किल्ली आजीच्या गळ्यात.'

रविवारी रंगीत तालीम केली. दादा आणि मी फक्त बघायला. पहिला टेकू लागला, दुसरा लागला, तिसऱ्याची खुंटी भोकात जाईना. नातू वरून ओरडतोय, "आजी, खुंटी!" आई खालून, "थांब रे, जात नाहीये!" भोक मुंग्यांनी वाळूनं भरून टाकलं होतं. आईनं स्वयंपाकघरातून जुना चमचा आणला आणि खरवडून काढलं. पन्नास मिनिटं लागली. वादळाच्या आदल्या रात्री, अंधारात, हेच झालं असतं तर? कोणी बोललं नाही. दुसऱ्यांदा बावीस मिनिटं.

तो कागद आता गॅरेजच्या आतल्या भिंतीवर आहे, प्लास्टिकमध्ये. माझं नाव त्यावर नाही, आणि माझा इतका बारकाईनं वाचला जाणारा दुसरा अनुवाद नसेल. मी बडोद्याला परत आले. १ जूनला आईचा फोन आला. तब्येत, पाऊस, आंब्यांचे भाव असं सगळं झाल्यावर ती म्हणाली, "आज तिन्ही भोकं साफ केली. चमचा तिथेच खिळ्याला टांगून ठेवलाय. कागदावर तेवढं लिहायचं राहिलं बघ तुझं."